आवडत्या खेळांची ज्येष्ठता यादी

परवा माझ्या मुलीने मला तिच्या लॅपटॉपसमोर बसवलं आणि म्हणाली, "आई, तुझे टॉप टेन व्हिडिओ गेम्स सांग. मी टाइप करते." मी पन्नाशी ओलांडलेली बाई. जिना उतरताना गुडघे कुरकुरतात, पण हातात कंट्रोलर आला की अंगठे अजून विशीतल्यासारखे चालतात. तिच्या मित्रमैत्रिणींना याचं भारी कौतुक आहे. मी दहापासून सुरुवात केली आणि दोन नंबरपर्यंत धडाधड आले. कुठला का आवडतो, कुठल्याची गाणी चांगली, कुठल्यात उगाच रक्त सांडतात, सगळं सांगितलं. "आणि एक नंबर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ड्राफ्ट राहू दे," आणि उठून बाल्कनीतल्या कुंड्या पुसायला घेतल्या. कुंड्या कोण पुसतं? पण मला अस्वस्थ वाटलं की हाताला काम लागतं, लहानपणापासून. लेकीने कपाळाला हात लावला आणि लॅपटॉप मिटला.

यादी करण्याची ही खोड माझी नाही, बाबांची. बाबा एका मंत्रालयात आस्थापना विभागात होते आणि त्यांचं आयुष्य सीनियॉरिटी लिस्ट करण्यात गेलं. कोण कुणाच्या आधी रुजू झालं, कोणाचं नाव कोणाच्या वर. आधी ड्राफ्ट लिस्ट काढायची, ती सगळ्या विभागांत फिरवायची, ज्याला काही म्हणायचं असेल त्याने लेखी हरकत द्यायची, हरकतींवर विचार करायचा, आणि मगच फायनल लिस्ट. बाबा घरी आले तरी त्यांच्या डोक्यातली लिस्ट सुटायची नाही. भाजी कुठली करायची हे आईने विचारलं तरी ते म्हणत, "आधी ड्राफ्ट सांग." आई म्हणायची, "ड्राफ्ट दुधी, फायनल दुधी. हरकत असेल त्याने उपाशी झोपावं." जुन्या, रद्द झालेल्या याद्यांचे गठ्ठे ते घरी आणत, कारण त्या कागदांची मागची बाजू कोरी असे. माझं सगळं शिक्षण त्या पाठकोऱ्या कागदांवर झालं आहे.

आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, एक व्हरांडा, पिवळ्या भिंती, आणि खाली एक सामाईक हिरवळ, जिला आम्ही मोठ्या तोऱ्यात लॉन म्हणायचो. हिवाळ्यात सगळ्या बायका त्या लॉनवर उन्हात चटया टाकून बसत. कुणी मटार सोलतंय, कुणी विणतंय, मधोमध शेंगांची टरफलं. धुक्यात कुठूनतरी स्कूटर सुरू करणाऱ्याच्या किकांचा आवाज यायचा. धड सुरू व्हायची नाही आणि तो बिचारा लाथा मारतच राहायचा. तो आवाज मला फार जवळचा वाटे, कारण माझंही तसंच होतं. मला एका जागी बसवत नसे. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आहे." अभ्यासाला बसले की पाय हलायचा, जेवायला बसले की हात ताटाभोवती फिरायचा. पहाडगंजच्या मराठी शाळेत जाताना बसमध्ये जागा मिळाली तरी मी उभी राहायची. शाळेतल्या बाई पालकसभेत म्हणाल्या होत्या, "मुलगी हुशार आहे, पण बाकावर सापडत नाही."

मी एका जागी पहिल्यांदा बसले ती गायकवाडांच्या घरात. गायकवाड आमच्या समोरच्या दारात राहायचे, मूळचे नगरचे. काका हवामान खात्यात. काकू घरीच असत, आणि त्यांची एकुलती एक मुलगी रूथ माझ्याच वर्गात, नववीत होती. ते ख्रिस्ती, आम्ही हिंदू, पण त्याचा आमच्या लेखी अर्थ एवढाच होता की फराळ वर्षातून दोनदा मिळायचा. दिवाळीत आमच्या घरच्या चकल्या त्यांच्याकडे, नाताळात त्यांच्या करंज्या आणि अनारसे आमच्याकडे. काकूंचे अनारसे आईपेक्षा सरस होत, हे मी आईसमोर आजतागायत बोललेले नाही. रूथचा मामा जहाजावर होता. त्याने सिंगापूरहून तिला एक मशीन आणून दिलं. टीव्हीला जोडायचं, आत डबीसारखी कॅसेट खोचायची, आणि खेळायचं. आमच्या अख्ख्या ब्लॉकमध्ये असलं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी मी चार तास हललेच नाही. आई मला शोधायला आली तर काकू म्हणाल्या, "बघा वहिनी, तुमची मुलगी बसलीये." आईने ताप आहे का म्हणून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

त्या मशीनबरोबर पाच खेळ आले होते. नावं इंग्रजीत नाहीतर जपानीत असायची, म्हणून आम्हीच बारसं केलं. 'भिंत', म्हणजे खाली एक फळी, वर विटा, आणि मध्ये उड्या मारणारा चेंडू. 'रणगाडे', ज्यात दोघींनी मिळून एक किल्ला वाचवायचा, पण चुकून एकमेकींनाच गोळी लागायची आणि मग खरं भांडण व्हायचं. 'मासा', 'मोटरसायकल' आणि 'तळघर'. रूथ आधी तळघर न म्हणता तहखानाच म्हणायची. मीच तिला तो शब्द आणून दिला, तोही आईला विचारून. मग एके दिवशी मी बाबांचा पाठकोरा कागद घेतला, वर लिहिलं 'आवडत्या खेळांची यादी', आणि पाचांना नंबर दिले. बाबांनी तो पाहिला. चष्मा वर सरकवून म्हणाले, "निकष काय?" मी म्हटलं, "आवड." ते म्हणाले, "आवड हा निकष होत नाही. रुजू झाल्याची तारीख सांग." त्यांच्या हिशेबाने 'भिंत' एक नंबरवर हवी होती, कारण आम्ही ती कॅसेट सगळ्यात आधी लावली होती. मी म्हटलं, "बाबा, ती कोणी खेळतच नाही आता." तर म्हणाले, "आमच्या सेक्शनमध्येही असे दोघं आहेत. म्हणून काय त्यांची सीनियॉरिटी जाते?"

शेवटी त्यांनी वाटाघाट केली. यादी माझ्या निकषाने, पण पद्धत सरकारी. ड्राफ्ट लिस्ट जिन्याच्या भिंतीला चिकटवायची आणि सात दिवस हरकती मागवायच्या. बाबांनी स्वतः खाली टाइप केल्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'हरकती लेखी असाव्यात'. दोन आल्या. एक वरच्या मजल्यावरच्या पिंकीची, हिंदीत, की दीदी, मछली को नंबर एक करो. दुसरी गायकवाडकाकांची. त्यांचं अक्षर बारीक आणि सरळ होतं, कारण रोज ठरल्या वेळी तापमान, वाऱ्याची दिशा, आर्द्रता नोंदवायची आणि खाडाखोड चालायची नाही. त्यांनी लिहिलं होतं: 'मोटरसायकल या खेळात आकाशाचा रंग पहाट, दुपार, संध्याकाळ असा बदलतो. तो क्रम व ते रंग मी तपासले असून ते बरोबर आहेत. सबब या खेळास चौथ्याऐवजी दुसरा क्रमांक द्यावा, ही विनंती.' मी हरकत मान्य केली. हा माणूस माझ्याशी, एका चौदा वर्षांच्या पोरीशी, असा बरोबरीने वागला याचा मला इतका अभिमान वाटला की तो कागद मी वहीत जपून ठेवला होता. पुढे घरं बदलताना हरवला.

एक नंबरवर 'तळघर' होतं आणि पिंकी सोडून त्याला कुणाची हरकत नव्हती. हातात दिवा घेतलेला एक छोटा माणूस. खोल्यांमागून खोल्या, कुलपं, किल्ल्या, जिने, आणि दिव्यातलं तेल सारखं कमी होत जाणारं. कुठल्या दाराला कुठली किल्ली ते आपणच लक्षात ठेवायचं. म्हणून एकीने खेळायचं आणि दुसरीने पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढायचा, प्रत्येक खोलीनंतर अदलाबदल. कागदाच्या पलीकडून कारकुनांची नावं दिसायची. आमची सतरावी खोली कुणा मल्होत्रांच्या बढतीवर काढलेली होती. काकू मागे खाटेवर विणत बसत. त्यांचं लक्ष आहे असं कधी वाटायचं नाही, पण मध्येच सुया थांबवून म्हणत, "डावीकडच्या दारात गेलाच नाहीत तुम्ही." आम्ही म्हणायचो, "काकू, तुम्हाला नाही कळायचं ते." आणि मग गुपचूप डावीकडे जायचो.

या खेळात एकच वाईट होतं. मशीन बंद केलं की सगळं गेलं, पुन्हा पहिल्या खोलीपासून. आजच्या मुलांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. आम्ही रोज शाळेनंतर सुरू करायचो आणि तिसाव्या-पस्तिसाव्या खोलीला कुणाच्या तरी बातम्यांची वेळ व्हायची, नाहीतर जेवणाची. वर्षभर आम्ही तळघराचं शेवटचं दार पाहिलं नव्हतं. घाई नव्हती म्हणा. पण डिसेंबरात गायकवाडकाकांची बदलीची ऑर्डर आली, गुवाहाटीला. नाताळ इथे करायचा आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारच्या गाडीने निघायचं. रूथ मला हे जिन्यात सांगत होती तेव्हा तिच्या हातात अनारशांचं ताट होतं. मी विचारलं, "मग तळघर?" ती म्हणाली, "यार, तेच तर." ती जाणार म्हणून रडायचं सोडून आम्ही दोघी त्या खेळाची चिंता करत उभ्या राहिलो. आता कळतं की ते एकच होतं. ते दार दोघींनी मिळून उघडलं असतं तर तिच्या जाण्याला काहीतरी शेवट असता, असं मला वाटत होतं. ते झालं नाही तर सगळंच अर्धवट.

उपाय रूथने काढला. सुट्टी होती. शुक्रवारी सकाळी सुरू करायचं आणि मशीन बंदच करायचं नाही. टीव्ही बंद करा, बातम्या बघा, जेवा, झोपा, पण मशीन चालू, खेळ थांबवून ठेवलेला. जितके दिवस लागतील तितके. आड येणारी गोष्ट एकच होती, काकांची सवय. काका घरातून निघताना दाराजवळचा मेन स्विच खाली ओढायचे. पाच मिनिटांसाठी दूध आणायला गेले तरी. चिनी मातीचे फ्यूज, लाकडी बोर्ड आणि त्यावर लोखंडी दांडा असलेला मेन. खट. मग कुलूप. सरकारी घर आहे, वायरिंग जुनं आहे, आपण जबाबदार, असं ते म्हणायचे. रूथने त्यांच्याकडून वचन घेतलं. "पप्पा, बुधवारपर्यंत मेनला हात नाही लावायचा. बिल्कुल नाही." काकांनी गंभीरपणे नोंदवहीत नोंद घ्यावी तशी मान हलवली. "नाही लावणार." आणि आमचा दोघींचा करार वेगळा होता. एकटीने कंट्रोलरला हात लावायचा नाही. "पक्का?" "पक्का."

शुक्रवारी आम्ही एक्केचाळीस खोल्या गेलो. इतकं पुढे आम्ही कधीच गेलो नव्हतो. एक्केचाळिसाव्या खोलीतलं दार उघडेना, किल्ली सापडेना, आणि अंगठ्यांना फोड आले, तेव्हा थांबलो. शनिवारी मला जाता आलं नाही. पुण्याहून माझे मोठे काका ऑफिसच्या कामाने आले होते आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये उतरले होते. आम्ही सगळे त्यांना भेटायला गेलो. तिथे झुणका होता, बाजरीची भाकरी होती, दिल्लीत एरवी न मिळणारं सगळं होतं, आणि माझं लक्ष ताटात नव्हतं. मोठे काका मला कुठलीशी म्हण पूर्ण करायला सांगत होते. मला ती येत नव्हती आणि ते बाबांना म्हणाले, "पोरं हिंदी झाली रे तुझी." मी खुर्चीखाली पाय हलवत बसले होते. दिवसभर डोक्यात तेच, मशीन चालू असेल ना, आणि मग, रूथ घरी आहे, मशीन तिच्यासमोर आहे. हा दुसरा विचार दुपारी आला आणि गेला नाही. घरी परतलो तेव्हा त्यांच्याकडे निरोप द्यायला माणसं आली होती, म्हणून मी गेले नाही.

रविवारी सकाळी ते तिघं चर्चमध्ये उपासनेला गेले. दिल्लीतली त्यांची शेवटची. त्यांच्या घराची एक किल्ली कायम आमच्याकडे असायची, आमची त्यांच्याकडे. रूथ जाताना म्हणाली, "अकराच्या सुमाराला एकदा बघून ये ना, अडॅप्टर फार गरम तर नाही झाला." मी गेले. घरात सुतळीने बांधलेले खोके, गुंडाळलेल्या गाद्या, आणि अजून करंज्यांच्या तळणाचा वास. अडॅप्टर कोमट होता. माझं काम तिथे संपलं होतं. पण मी टीव्ही लावला, नुसतं बघायला. छोटा माणूस एक्केचाळिसाव्या खोलीत नव्हता. तो एका मोठ्या सोनेरी दारासमोर उभा होता. वरच्या कोपऱ्यात खोलीचा आकडा होता, चव्वेचाळीस. दिवा तेलाने काठोकाठ भरलेला.

मी काय समजले ते सांगायला नको. काल मी तिकडे भाकरी गिळत असताना रूथ माझ्या पाठीमागे तीन खोल्या पुढे गेली होती. मी हे प्रकरण पहिल्यांदा लिहिलं तेव्हा इथे 'रागाच्या भरात' असे शब्द लिहिले होते. ते खोडले, कारण खरे नाहीत. रागाच्या भरात मी मशीनचं बटण दाबलं असतं. मी तसं केलं नाही. मी आधी टीव्ही बंद केला. कंट्रोलर होता तसा ठेवला. मग दारापाशी स्टूल ओढून घेतलं आणि मेनकडे बघत उभी राहिले. मला माहीत होतं की मेन खाली दिसला की सगळे कोणाचं नाव घेतील. काकांचं नाव मनात आधी आलं, हात नंतर वर गेला. खट. मी स्टूल जागेवर ठेवलं, कुलूप लावलं आणि घरी येऊन आईला न सांगता मटार सोलायला बसले. आईने विचारलं, "बरं वाटतंय ना तुला?"

ते दीड वाजता आले. रूथ दोन-दोन पायऱ्या चढत पुढे. मी दारातच होते. तिने आत जाऊन दिवा लावला, लागला नाही. मग तिने वर पाहिलं आणि किंचाळली, "पप्पा!" काका उपासनेचा कोट घालून धापा टाकत वर आले. मेनकडे बघून लगेच म्हणाले, "मी बंद केला नाही." रूथ माझ्याकडे वळली. "तू आली होतीस ना बघायला?" मी म्हटलं, "आले होते. तेव्हाच बंद होता." इतकं सोपं होतं ते. काका माझ्याकडे बघत राहिले, संशयाने नाही, अगदी विश्वासाने. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मग केला असेल," ते म्हणाले. "सवयीने हात गेला असेल." आणि बांधलेल्या गादीवर बसून, कोट न काढता, त्यांनी आमची माफी मागितली. "सॉरी, रूथ. शुभा बेटा, सॉरी. माझ्यामुळे गेलं तुमचं."

रूथ हिंदीत म्हणाली, "आप हमेशा यही करते हो." त्या घरात आईवडिलांशी कधी हिंदी बोलत नसत. बाहेरच्यांशी बोलायची ती भाषा. काकांनी मान खाली घातली. तेवढ्यात काकू शाल काढत मागून आल्या आणि त्यांना प्रकार कळला. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "आणि मी काल तीन खोल्या पुढे गेले होते गं. दुपारी तुम्ही कोणीच नव्हता. रूथ पप्पांबरोबर सुतळी आणि खोके आणायला गेली होती. म्हटलं बघावं जमतंय का, तर जमलं. शेवटचं दार तेवढं तुमच्यासाठी ठेवलं होतं. गंमत करणार होते." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सांगायची वेळ तीच होती. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आई हाक मारतेय," आणि मी पळाले. आई हाक मारत नव्हती.

उरलेल्या तीन दिवसांत रूथने मशीन पुन्हा लावलं नाही, खोक्यात भरलं. बुधवारी आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. म्हणजे मला वीस मिनिटं जास्त मिळाली होती. रूथ खिडकीशी बसली होती आणि काका तिला विचारत होते, पाणी हवं का, शेंगा हव्यात का. ती उत्तर देत नव्हती. मी खिडकीचे गज धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. म्हटलं, "पत्र लिही." ती म्हणाली, "तू पण." दोन वर्षं लिहिलं आम्ही. तिच्या प्रत्येक पत्रात पप्पांबद्दल एखादी ओळ असायची, आणि ती आली की मला पुढचं वाचवत नसे. पत्रं मी थांबवली, तिने नाही.

त्यानंतर मी शेकडो खेळ खेळले. मशीनं बदलली, खेळ आपोआप सेव्ह व्हायला लागले. दोन वर्षांपूर्वी एका मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रूथ मला सापडली. नोएडात राहते. काकू गेल्या. काका तिच्याकडे असतात, शहाऐंशी वर्षांचे, कान अजून तीक्ष्ण आहेत. पहिल्याच भेटीत ती हसत सांगू लागली, "पप्पांची एक आदत आहे, तुला ऐकून मजा येईल. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात. गॅस तीनदा, गीझर तीनदा. गुवाहाटीला गेल्यापासून. ऑफिसात रीडिंगसुद्धा दोन-दोनदा घ्यायचे, साहेब चिडायचे. माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणतात." मीही हसले. त्यानंतर सात-आठ वेळा त्यांच्या घरी गेले, जेवले, काकांशी हवेच्या गप्पा मारल्या, आणि एकदाही बोलले नाही. लेकीने ती यादी मागितली त्याच्या पुढच्या रविवारी मात्र मी मेट्रोत बसून गेले. बसून म्हणजे उभीच.

बाहेर जेवायला जायचं ठरलं होतं. रूथ पुढे जाऊन लिफ्टपाशी थांबली होती आणि काका बूट घालत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "काका, सरोजिनी नगरचा मेन मी बंद केला होता. रूथ एकटी खेळली असं वाटलं मला. आळ तुमच्यावर येईल हे माहीत होतं." बुटाची नाडी त्यांच्या हातात तशीच राहिली. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

"अकरा. अकरा दहा असतील."

"आम्ही सव्वानऊला निघालो होतो," ते म्हणाले. "म्हणजे निघताना चालू होता."

"हो, काका."

"मी तसं म्हटलं होतं." "पहिल्यांदा मी तेच म्हटलं होतं. मग मला वाटलं, शुभा कशाला खोटं बोलेल."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, रागावलेही नाहीत. नाडी बांधली, उठले, आणि म्हणाले, "रूथला तू सांगणार का मी?" मी म्हटलं, "मी." "आजच सांग," ते म्हणाले. "मी तिच्याशी या विषयावर बोलू शकलो नाही कधी."

बाहेरून रूथची हाक आली, "पप्पा, शुभा, चलो ना, लिफ्ट धरून ठेवलीये!" आम्ही निघालो. काकांनी दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि लिफ्टकडे चार पावलं चालले. मग थांबले. परत गेले आणि कुलूप ओढून पाहिलं. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि म्हणाले, "आता नाही जायचं ते." लिफ्टचं दार पाठीने अडवून उभी असलेली रूथ खळखळून हसली. "बघ, सांगितलं होतं ना तुला?"

मी म्हटलं, "रूथ, ती लिफ्ट सोड. मला तुला काही सांगायचंय."